बायजाची सागवानी जमीन

पेणच्या रामवाडीत पापडवाल्या बायजाचं घर विचारलं तर रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो. खाडीकाठच्या आगरात जन्मलेली बाई. लग्नाआधी मिठागरात राबली, लग्नानंतरही राबली, आणि नवरा गेल्यावर पेणला येऊन पोह्याचे पापड लाटायला बसली. आता हाताखाली चार बाया आहेत, स्वतःचं पक्कं घर आहे, मुलगा निलेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. तोंड फटकळ, व्यवहार चोख. खोड एकच. कुणी दुखवलं तर ते पोटात मुरवत ठेवते.

दुखवलं रोह्याच्या विहिणीनं. बायजाची लेक अनिता रोह्याला दिलेली. तिची सासू मूळची सरू, तीही खाडीकाठचीच, पण रोह्यात बंगला बांधल्यावर ती सरोजिनीताई झाली. त्या बंगल्याच्या हॉलमध्ये लाकडी जमीन. अनिताच्या मुलीचं, किमयाचं बारसं त्याच हॉलमध्ये होतं आणि पाळणा अगदी मधोमध टांगलेला. बायजा झबलं-टोपडं घेऊन दारातून आत पाय टाकते तोच विहीण आडवी आली.

"विहीणबाई, पॉलिश ताजं आहे हो. तुमच्या टाचांना त्या मिठागराच्या भेगा. ओरखडे पडतात." असं म्हणून तिनं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाट अंथरलं.

गोणपाट भिंतीकडेनं गेलं, पाळण्याकडे गेलंच नाही. बाकीच्या बाया पाळण्याभोवती जमल्या, कानात कुर्र झालं, नाव ठेवलं, आणि मुलीच्या आईची आई गोणपाटावर उभी राहून लांबून बघत राहिली. झबलं तिनं एका पोरीच्या हाती पुढे पाठवलं. परतीच्या एसटीतून पेणच्या स्टँडवर उतरल्यावर बायजा बरोबर आलेल्या निलेशला म्हणाली, "आपल्यालापन लाकडाची जमीन करायची."

"आये, फरशी चांगली हाय की."

"फरशीवर सरूला उभी करून मना काय मिलनार?"

तिच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. विहिणीच्यापेक्षा जाड, खऱ्या सागाची जमीन करायची, विहिणीला जेवायला बोलवायचं, आणि दारातच तिच्या पायाखाली गोणपाट टाकायचं. चारचौघींत.

पेणचा प्रविण सुतार माप घ्यायला आला. पुढची खोली त्यानं टेपनं मोजली, भिंतींना हात लावून पाहिला, मग आकडा सांगितला. पावणेतीन लाख. बायजापाशी होते दोन. तेही पीठ मळायच्या मशीनसाठी बाजूला टाकलेले, कारण चारही बायांची मनगटं दुखून आली होती.

"मावशे, साग सोड ना. छापील फळी येते, लांबून वलखू येत नाय," प्रविण म्हणाला.

"ती वाकून बघनारी बाई हाय."

"मग खोली अर्धी कर."

"अर्ध्या खोलीत ती मावल, तिचा तोरा नाय मावनार. दुसरं बोल."

मग दोघांनी कात्री चालवली. भिंतीकडेच्या पट्ट्या गेल्या. फळीखालचा प्लाय गेला, नुसत्या रिपांवर फळी ठोकायचं ठरलं. पॉलिशचा एक हात कमी झाला. तरी वाळवीच्या औषधाचा खर्च उरलाच, आणि ते मारणारा माणूस अलिबागहून येणार, त्याचं येणं-जाणं वेगळं.

"औषध नको," बायजा म्हणाली. "मीठ घालू."

प्रविण हसला. बायजा हसली नाही. खारजमिनीच्या बांधाला पाणी सोडायला-अडवायला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या गावच्या उघाडीची फळी तिच्या आज्यानं बसवलेली, रातंदिस खाऱ्या पाण्यात उभी, आणि तिला ना वाळवी ना किडा. मिठातलं लाकूड मरत नाही, हे आगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मीठ पावसाळ्यात घाम सोडतं, हेही तिला ठाऊक होतं की. पण तो उघड्यावरच्या राशीचा घाम. फळ्यांखाली झाकलेल्या मिठाला कोण भिजवतंय?

"माजी गॅरंटी फळीची, मिठाची नाय," प्रविणनं सांगून टाकलं.

गावच्या आगरातून करकच, जाड्या खड्यांच्या मिठाच्या गोणी आल्या. रिपांच्या मधल्या खाचा भरल्या, वर साग ठोकला गेला. होळीपर्यंत खोली अशी झाली की पापडवाल्या बाया दारातच थबकायच्या. मशीनचं कुणी विचारलं नाही. मनगटांना तेल चोळून त्या मागच्या पडवीत लाटत राहिल्या.

चैत्रात पन्हं-डाळीचं आमंत्रण शेजारणींना आणि रोह्याला गेलं. गोणपाट धुवून, वाळवून दाराआड तयार. विहीण आली, पण गाडीतून उतरली ती अनिताच्या खांद्यावर हात टाकून, किमयाला कडेवर घेऊन. चपला काढल्या आणि बायजा दाराआडून हात बाहेर काढेपर्यंत ती खोलीच्या मधोमध पोचलीसुद्धा. पोरगी कडेवर असताना पायाखाली गोणपाट कसं टाकणार?

"छान झालीय हो," विहीण म्हणाली. "आमची नवी होती ना, तेव्हा अशीच दिसायची."

बायजानं पन्ह्याचा पेला पुढे केला. दोन लाख गेले आणि हिला ओरखडासुद्धा उठला नाही.

पण पन्ह्याचा पेला अर्धा झाल्यावर विहिणीचा आवाज खाली आला. "वाळवीचं काय केलंत तुम्ही? आमच्याकडे पाळण्याखालच्या जमिनीच्या फळ्या पोखरल्यात. दोनदा औषध मारलं."

बायजाला कुठलाही डाव सुचला नव्हता. तिला नुसता तोरा मिरवायचा होता. मोरीजवळची एक फळी प्रविणनं न ठोकता ठेवली होती, ती तिनं उचलून दाखवली. विहीण वाकली. मीठ चिमटीत घेतलं, बोटांत चोळलं, जिभेला लावलं, आणि सरोजिनीताईच्या तोंडून सरू बाहेर पडली.

"करकच हाय गो यो! उघाडीची फळी! माजा बापूस उघाडीवरच व्हता, मना कसं नाय सुचला?"

मग आजूबाजूच्या बाया बघतायत हे ध्यानात येऊन तिनं पदर सारखा केला. "आम्हालाही पाठवा हो गोणी. आठेक लागतील. हॉल मोठा आहे आमचा."

वैशाखात रोह्याचा हॉल उकलला, मीठ भरलं, पुन्हा ठोकला. बायजानं गोणी पाठवल्या, भाडंसुद्धा आपणच भरलं. निदान या उपकारानं तरी विहीण खाली उतरेल, असं तिला वाटलं. उतरली नाही. आभार मानायला फोन अनितानंच केला.

पाऊस लागून आठवडा झाला आणि बायजाचं दार लागेना. मग फळ्यांच्या कडा उचलल्या. मग खोलीच्या मधोमध म्हशीच्या पाठीसारखा उंचवटा आला आणि सांध्यांतून खारं पाणी पाझरायला लागलं. उघाडीची फळी सदा ओली, म्हणून ती जागची हलत नाही. ही कोरडी फळी. दमट हवेनं खालच्या मिठाला घाम सुटला आणि तो सगळा हिनं प्याला.

निलेश शिफ्टवरून आला तो पहार घेऊनच आत शिरला. "आये, आत्ता उचलू. मीठ उपसू, फळ्या मागच्या पडवीत सुकवू. लाकूड वाचंल. आनि रोह्याला फोन लाव. त्यांचं जोतं उंच हाय, त्यांचं अजून फुगलं नसंल."

बायजानं फोन हातात घेतला. नंबर काढला. आणि तिथंच तिचा अंगठा थांबला.

तिनं त्या उंचवट्यावर टाच दाबून पाहिली. मग फोन पालथा ठेवला.

"ऱ्हाऊंदे."

"काय ऱ्हाऊंदे?"

"पहार ठेव. फळी उचलायची नाय."

"आये, खापर अनिताच्या डोक्यावर फुटंल! मीठ कोनाच्या आईचं?"

"म्हनूनच सांगते. माजी जमीन चांगली ऱ्हायली तर मी वैरीन. माजीपन फुगलेली दिसली तर कोन काय म्हनंल? आपन आज फळ्या काढल्या तर उद्या अनिताला कलंल, परवा सरूला, आनि ती आपली जमीन वाचवंल."

"दोन लाखाचा साग कुजवनार तू?"

"कुजवीन."

निलेशनं पहार भिंतीला टेकवली आणि न जेवता झोपायला गेला. त्यानंतर आषाढभर माणसं मागच्या दारानं ये-जा करत होती. खोलीला कुबट वास सुटला. साग काळा पडत चालला. बायजा रोज सकाळी उंबऱ्यात उभी राहून बघायची, पीक बघावं तशी. अनिताचा फोन आला की आधी नातीची चौकशी करायची, मग सहज विचारायची, "हॉलमदी बरा हाय ना गो?"

"बरा हाय, आये. का?"

"काय नाय. इचारलं."

श्रावणात मंगळागौरीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. अनिताचा नव्हता.

"विहीणबाई!" पलीकडे सरोजिनीताई होती. "अहो, हॉल फुगला! सगळा! चौरंग ठेवायला जागा नाही. उद्या पन्नास बायका खेळायला येणार, नगराध्यक्षांच्या मिसेस येणार, आणि फळ्यांतून पाणी येतंय!"

"अगो बाय," बायजा म्हणाली. "तुमचीपन?"

"तुमचीपण म्हणजे?"

बायजानं व्हिडिओ लावायला निलेशला खुणावलं आणि फोन खोलीवर फिरवला. काळा पडलेला साग, उंचवटा, भिंतीकडेला साचलेलं पाणी.

"तुम्हाला कळलं कधी?" विहिणीनं विचारलं.

निलेश आईकडे बघत होता.

"काल," बायजा म्हणाली. इतक्या दुःखानं म्हणाली की निलेशनं तोंड फिरवलं. "कालच. तुमाला कलवनारच व्हते. आता काय करायचं हो, विहीणबाय? आपन दोघी आगरातल्या, आपल्यालाच कलू नये?"

विहिणीनं घाईनं फोन ठेवला. पन्नास बायकांना फोन करून येऊ नका सांगायचं होतं तिला.

बायजानं फोन बाजूला ठेवला. "आता आन पहार."

फळ्या निघाल्या त्यातली एकही धड नव्हती. प्रविण येऊन बघून गेला, जळणाशिवाय कशालाच उपयोग नाही म्हणाला. बायजानं त्या चुलीच्या मापानं तोडून घेतल्या. उरलेला पावसाळा पापडाच्या पाण्याचं पातेलं त्यांच्यावरच उकळलं. मीठ प्यालेलं लाकूड तडतडत जळायचं आणि लाटणाऱ्या बाया दचकायच्या. एकीनं मनगट दाबत विचारलंच, "बायजाकाकी, एवढा साग जालताना जिवाला काय वाटत नाय?"

"वाटतं ना," बायजा म्हणाली आणि आणखी एक फळी आत सारली. "ऊब वाटते."