वाढत्या अंगाचं माप

मास्तरांचं नाक मुरडणं सकाळी दुकान उघडायच्या आधीच सुरू होई. शेजाऱ्याच्या शर्टाची कॉलर, समोरच्या दुकानातला तयार कपडे घातलेला पुतळा, बँकेतल्या साहेबांच्या पँटची घडी, काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि काहीच पसंत पडत नसे. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते. गळ्यात कायम पिवळी टेप. जेवतानासुद्धा ती ताटात लोंबू नये म्हणून मागे पाठीवर टाकायचे, पण काढायचे नाहीत. बिनचूक माप घेणारा माणूस या जगात एकच आहे आणि तो आपण, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बायको गेल्यापासून टोमणे ऐकून घेणारं हक्काचं माणूस उरलं नव्हतं, म्हणून ते टोमणे आता घरभर वाटले जात.

अशा माणसाच्या घरात सहलीचा बेत ठरला.

जागा म्हणजे तळ्याकाठचं भलंमोठं थीम पार्क. दोन बागा, तीन हॉटेलं, आत फिरायला स्वतःची आगगाडी, आणि सगळं बघायला तीन दिवस. घरातलं कुणीच असल्या ठिकाणी कधी गेलेलं नव्हतं. बेत सुनेचा होता. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटांना वेळा नेमून देई, आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे खण पाडल्याशिवाय तिला दिवस दिसतच नसे. तिने तक्ता केला, रंगीत पेनांनी रंगवला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. नऊला फाटक. सव्वानऊला टोप्या, पाणी, शू. साडेनऊला आरशांची खोली.

"शूला पंधरा मिनिटं?" मास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. "तिथे काय दाढ काढणार आहेत?"

"बाबा, रांग असते तिथे," सून म्हणाली.

"म्हणजे रांगेत उभं राहायला एवढ्या लांब जायचं. रांग काय आपल्या चौकात मिळत नाही?"

चिरंजीव तिथेच बसले होते. ते बायकोकडे बघून मान हलवत आणि बापाकडे बघूनही मान हलवत. दोन्हीकडे सारखीच हलवत असल्यामुळे त्यांचं मत काय हे लग्नाला दहा वर्षं होऊनही कुणाला कळलं नव्हतं.

मास्तर स्वतः जायला तयार झाले ते एका आशेवर. या तक्त्यात कुठेतरी चूक निघणार, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत निघणार. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते फ्रिजपुढे उभे राहत आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसा तक्ता तपासत. एकदा मंगळवारच्या जागी बुधवार सापडला. तो दिवस त्यांचा फार आनंदात गेला.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होती नात. साडेसात वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आरशांची खोली, आगगाडी यांच्याशी भिंगरीला काही घेणंदेणं नव्हतं. तिला फक्त 'कडेलोट' हवा होता. कडेलोट म्हणजे तिथली सगळ्यांत उंच राइड. गाडी टोकापर्यंत चढते, क्षणभर थांबते आणि मग खाली सुटते, मध्ये एकदा उलटीही होते.

"पूर्वी ही शिक्षा होती," मास्तर म्हणाले. "आता लोक आधी वेळ ठरवून कडेलोट करून घेतात."

भिंगरीने मात्र अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं. वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, तुला घेणारच नाहीत, तू बुटकी आहेस. त्यावर ती म्हणाली होती, बघशील. तेव्हापासून ती रोज झोपताना कडेलोटाला किती दिवस उरले ते विचारी.

कडेलोटाची वेळ आधी ठरवावी लागे, आणि त्या फॉर्मवर मुलांची उंची भरावी लागे. चार फुटांच्या खाली कुणाला घेत नसत. रविवारी सकाळी सून फॉर्म भरायला बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिच्या शाळेच्या पट्टीने जरा मोजता का हिला?"

मास्तरांनी चहाचा कप खाडकन खाली ठेवला. "पट्टीने? माझ्या घरात माणूस पट्टीने मोजणार? मग मी काय इथे शोभेला बसवलाय?"

त्यांनी भिंगरीला दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, टेप सोडली, नजर टाकली आणि दुकानात म्हणत त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "साडेअठ्ठेचाळीस!"

चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस. वर अर्धा इंच शिल्लक. भिंगरीने घरभर तीन फेऱ्या मारल्या. सुनेने आकडा भरला, पहिल्या दिवशीची सव्वादहाची वेळ मिळाली, आणि बाकीचा सगळा तक्ता त्या सव्वादहाभोवती नव्याने बांधला गेला. मास्तरांनी मोजलं म्हटल्यावर पुन्हा मोजून बघायची कुणाची छाती नव्हती.

निघायला तीन दिवस राहिले तेव्हा मास्तरांनी नातीसाठी प्रवासाचा नवा जोड शिवायला घेतला. निळी पँट, खिशांचं जाकीट. तयार कपडे या घरात येत नसत. संध्याकाळी भिंगरी दुकानात आली आणि कापायच्या टेबलावर चढून उभी राहिली. पँट घोट्यावर गोळा झाली. जाकिटाचे खांदे दोन्ही बाजूंनी उतरले.

"आजोबा, मोठं होतंय."

"वाढशील," मास्तर तोंडात टाचण्या धरून म्हणाले. हे उत्तर ते चाळीस वर्षं देत आले होते.

"पण जायचं तर तीन दिवसांनी आहे. तेवढ्यात वाढेन?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

मुलाचा कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा, म्हणजे आईबाप दोन वर्षं तक्रार करत नाहीत. ही त्यांची धंद्यातली पहिली शिकवण. त्यामुळे टेपवर चोवीस दिसलं की तोंडातून सव्वीस निघे, आणि वहीतही सव्वीसच लिहिलं जाई. ही बेरीज त्यांना करावी लागत नसे, ती आपोआप होई. त्या जाडजूड मापाच्या वहीत नऊशे पोरं होती आणि त्यातलं एकही जसं होतं तसं नव्हतं. बिनचूक मापाच्या एवढ्या बाता मारणाऱ्या माणसाच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"सरळ उभी राहा," ते म्हणाले. त्यांनी टेप लावली आणि या वेळी तोंड बंद ठेवून नुसतं पाहिलं. साडेसेहेचाळीस.

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे घरी जाऊन सांगितलं असतं. मास्तरांनी तसं काही केलं नाही. ज्या तक्त्यातली चूक शोधायला ते महिनाभर फ्रिजपुढे उभे राहिले, त्यातली सगळ्यांत मोठी चूक आपली आहे हे सुनेपुढे कबूल करायचं? जीव गेला तरी नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी कोटांच्या खांद्यांत घालायचे पॅड काढले, एकावर एक ठेवून कापले, टाके घातले आणि भिंगरीच्या घोट्याच्या वर येणाऱ्या बुटांत बसवले. वर अस्तर लावलं. काम इतकं सफाईचं झालं की स्वतःवरच खूश झाले. दुपारी शाळा सुटल्यावर तिला बूट घालून चौकटीशी उभं केलं. बरोबर अठ्ठेचाळीस.

"आजोबा, पाय डुगडुगतात."

"नवीन आहेत. सवय होईल. आईला दाखवू नकोस एवढ्यात, गंमत आहे."

पोरीला खोट्यात ओढून वर त्याला गंमत म्हणण्याइतका निर्लज्जपणा मास्तरांना जमला, हेही सांगायला हवं. त्या पार्कवाल्यांची पट्टी ती काय आणि माझी टेप ती काय, असं मनाशी म्हणत ते काज करायला बसले.

भिंगरी स्टुलावर बसून माहितीपत्रक उलगडत होती. "आजोबा, बघा ना. असं बसायचं. मग हा दांडा वरून खाली येतो, असा, पोटापर्यंत. मग गाडी उलटी होते आणि आपण पडत नाही." तिने कापड मोजायचा लाकडी गज पोटावर आडवा धरला आणि स्टूल मागे कलतं केलं. दोन नंबर मोठं जाकीट तिच्या खांद्यांवरून सरकलं. तिने हात वर केले, आणि ते सबंध जाकीट, बटणं लावलेलं असूनही, तिच्या डोक्यावरून निघून मागे जमिनीवर पडलं.

भिंगरी खदाखदा हसली.

मास्तरांनी माहितीपत्रक हातात घेतलं. फोटोतल्या मुलाच्या पोटावर लोखंडी दांडा होता. तो सगळ्यांना एकाच मापाचा. त्याला टाका घालून आत घेता येत नाही. त्याच्या हिशेबात वाढीचे दोन इंच कुणी धरलेले नाहीत. सैल कपड्यातून लहान पोर कसं निसटतं, हे मास्तरांइतकं त्या शहरात कुणाला ठाऊक नव्हतं. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःची किळस आली.

"बूट काढ," ते म्हणाले.

"का?"

"काढ म्हणतो ना!"

त्यांनी कात्रीच्या टोकाने टाके उसवले आणि पॅड बाहेर ओढून काढले. भिंगरी पॅडकडे बघत राहिली. मग बुटांकडे, मग आजोबांकडे.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर सून शेवटचा तक्ता वाचून दाखवायला उभी राहिली. "सव्वादहा, कडेलोट," असं ती म्हणाली आणि मास्तर म्हणाले, "ते खोड."

"काय झालं बाबा?"

"ती साडेसेहेचाळीस आहे. दोन इंच मी वाढवले. सवयीने. नंतर कळलं तेव्हाही बोललो नाही. बुटात पॅड घातले होते."

मास्तरांना वाटत होतं, सुनेने चार शब्द सुनावावेत. महिनाभर त्यांनी तिला कमी का सुनावलं होतं? पण तिने पेन उचललं, सव्वादहावर सरळ रेघ मारली आणि टोपण लावून ठेवलं. चिरंजीवांची मान या वेळी कुणाकडेच हलली नाही.

"म्हणजे तो मुलगा म्हणाला तेच खरं," भिंगरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"पुढच्या वर्षी जाऊ. तोवर तू—" मास्तरांच्या तोंडात 'वाढशील' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

भिंगरी उठून त्यांच्याजवळ आली. मास्तरांना वाटलं, कुशीत येतेय. त्यांनी हात पुढे केले. तिने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली, दाराच्या चौकटीशी जाऊन अनवाणी, टाचा लाकडाला टेकवून उभी राहिली आणि टेप आईपुढे धरली.

"आई, तू मोज. आजोबांनी नको."

सुनेला धड टेप धरता येत नव्हती. ती एकदा उलटी धरली गेली, एकदा वाकडी. चौकटीपासून दोन हातांवर मास्तर उभे होते, आणि आकडा त्यांना तिथून दिसत होता. त्यांना तो कुणी विचारला नाही.