तेरेजाला काय झालं होतं

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या छातीवर डावीकडे टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मला कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "मायट्रल स्टेनोसिस."

आम्हाला कळलं नाही हे त्यांनी ओळखलं आणि कागदावर हृदय काढून दाखवलं. डाव्या बाजूला दोन कप्पे असतात, त्यांच्यामध्ये एक झडप. रक्त खाली उतरताना ती उघडते. माझ्या झडपेच्या कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. जिथं दोन बोटं सहज जावीत तिथं पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट उरली होती. पुढं न गेलेलं रक्त मागं फुप्फुसात तुंबत होतं, म्हणून दम लागत होता.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

मला आठवेना. कोपऱ्यातल्या स्टुलावरून आई म्हणाली, "आला हुता की. दोघी भैणींना एकाच हिवाळ्यात. आदी घसा धरला, मग गुडघं सुजलं. थोरलीला लय."

"थोरली कुठं असते?"

आईनं पदर तोंडाला लावला. उत्तर मी दिलं. "ती गेली. अशीच दम लागून. तेवीस वर्षांची होती."

डॉक्टर लिहायचे थांबले. "तिलाही बहुतेक हेच असणार," ते हळू आवाजात म्हणाले. "लहानपणच्या त्या तापाला र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात. तो सांधे सोडतो, पण कधी कधी हृदय धरून बसतो. वर्षानुवर्षं काही कळत नाही."

माझी बहीण तेरेजा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिला काय झालं होतं ते आम्हाला त्या दिवशी मिरजेत कळलं.

मी मार्था. कराडला मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. माझे पती सायमन साखर कारखान्यात फिटर. बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष चालू होतं. आधी घाटाच्या पायऱ्या चढताना थांबावं लागायचं. मग शिवणयंत्राचं पायडल मारताना धाप लागायला लागली. एकदा खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा शेजारणींनी माझी कपबशी वेगळी केली. मलाही क्षय वाटला. हृदयाकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

तेरेजाचं तसंच झालं होतं. साताऱ्याच्या आमच्या घरात ती उशांना टेकून बसायची, कारण आडवी झाली की गुदमरायची. शेवटी आईनं फादरना निरोप धाडला. त्यांनी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हटली, मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल तिच्या कपाळाला लावलं, आणि तासाभरात ती गेली. दुःखाच्या भरात बाबा आईला म्हणाले, "तेलाला बोलावलंस, म्हणून गेली."

पुढं बाबाही वारले, पण ते वाक्य घरातून गेलं नाही. आईनं तेरेजाचं नाव पुन्हा उच्चारलं नाही. रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणताना मेलेल्यांसाठीची प्रार्थना आली की ती गप्प व्हायची आणि आम्ही पुढं म्हणायचो. दोन नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ती एकटीच दफनभूमीत जाऊन मेणबत्ती लावून यायची. आम्हाला बरोबर नेत नसे.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. डाव्या बरगड्यांमधून आत जायचं, चालत्या हृदयात बोट घालायचं आणि चिकटलेल्या कडा मोकळ्या करायच्या. ऐकून सायमन टेबलाजवळ सरकले. "आणि नाही केलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर बहिणीचं झालं तेच," डॉक्टर म्हणाले.

आधी पंधरा दिवस वॉर्डात काढले. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर उमटणारा आलेख, तो रोज. एक्स-रे दोनदा. अंगातलं पाणी कमी करायची इंजेक्शनं. जेवण बिनमिठाचं, ते मला सुईपेक्षा जड गेलं.

शेजारच्या खाटेवर शिराळ्याकडच्या पारूबाई होत्या. त्यांचे मालक मिलिटरीत. त्यांचं हेच ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. मी रडायला लागले की त्या उठून माझ्या खाटेवर येऊन बसायच्या. एकदा चोळी सरकवून त्यांनी छातीखालून पाठीपर्यंत गेलेला व्रण दाखवला.

"ह्ये बघ. मलाबी लय भ्या वाटलं हुतं. आता पाक दोन भाकरी खाती. तुजं बी असंच हुतंय, घाबरू नगंस."

मला डॉक्टरांनी, सायमननं किती समजावलं, पण धीर आला तो त्या व्रणामुळं.

रक्त लागणार होतं. सायमनबरोबर कारखान्यातले चार फिटर सुट्टी टाकून आले. रक्त देऊन दंडाला कापूस दाबत त्यातला एक म्हणाला, "वहिनी, आता आमचं रगतबी तुमच्यासंगं दर आयतवारी चर्चमधी!" किती दिवसांनी मी हसले, आणि हसताना धाप लागली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मिरजेच्या चर्चचे फादर आले. सायमननं बोलावलं होतं. त्यांच्या हातात तेलाची छोटी चांदीची डबी दिसली.

"नको," मी म्हणाले. "मी मरणार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं का?"

आई तर खाटेसमोर आडवी उभी राहिली. "न्हाई फादर. एकीला लावलंय त्ये. हिला न्हाई लावू द्यायची. हात जोडती."

फादर रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले. म्हणाले, "आई, तेलानं माणूस मरत नाही. चूक आमची झाली. श्वास संपत आल्यावरच आम्हाला बोलावणं यायचं, आणि आम्हीही ते तसंच चालू दिलं. म्हणून तेल आणि मरण लोकांच्या मनात एक झालं. आता विधी नव्यानं आलाय, आपल्या मराठीत. हा आजाऱ्यांसाठी आहे. प्रभूनं हिला उठवावं, असं मी यात मागतो. तुम्ही ऐका तर खरं."

आई खाटेपासून जरा बाजूला झाली. मग तिनं विचारलं, "मग माज्या तेरेजाला त्या तेलानं काय केलं, फादर?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते नाव आलं. सायमननं माझा हात घट्ट धरला.

"ती एकटी गेली नाही," फादर म्हणाले. "एवढं केलं. आणि तुम्ही बोलावलंत म्हणून ते झालं."

आई खाली बसली आणि रडली. आतापर्यंत ती पदराआड रडायची. त्या दिवशी सगळ्या वॉर्डासमोर मोठ्यानं, लेकीचं नाव घेऊन रडली. पारूबाईंनी तिला पाणी दिलं. रडणं ओसरल्यावर आईनंच माझ्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, "लावा, फादर."

कपाळाला लावलं, मग दोन्ही तळहातांना. प्रार्थनेतला 'उठवो' हा शब्द आला तेव्हा आई सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा डाव्या कुशीत आग होत होती. नळी लावलेली. घसा कोरडा. पण त्या सगळ्याखाली काहीतरी वेगळं होतं. आधी कळेना काय. मग लक्षात आलं की हवा आत जाते आहे, अगदी तळापर्यंत.

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "याला कळलं," ते हसून म्हणाले, "झडप सुटली ते."

चौथ्या दिवशी मी खाटेवरून उतरले. आठव्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. विसाव्या दिवशी कराडला घरी आले. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं होतं, तो ताप परत हृदयाकडं फिरू नये म्हणून. ते मी एकदाही चुकवलं नाही.

हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. लेकराचा घसा दुखला आणि पुढं सांधे सुजून ताप आला, तर वाढत्या अंगाचं दुखणं म्हणून सोडू नका. छातीला स्टेथोस्कोप लावून घ्या. आणि घरात कुणी आजारी असेल तर प्रार्थनेसाठी शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. डॉक्टरला लवकर बोलावता, तसंच फादरनाही लवकर बोलवा.

त्या नोव्हेंबरात आई म्हणाली, "चला समदी." साताऱ्याची दफनभूमी टेकाडावर आहे. सायमन माझ्या मागं हात पसरून चढत होते, जणू मी आता पडणार. मी पडले नाही.

थडग्यावरचं गवत आम्ही तिघांनी उपटलं, झेंडूची फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. तिथले फादर पवित्र पाणी शिंपडत पुढं गेले. आई मात्र उकिडवी बसून थडग्याशी बोलत होती, अंगणात बसलेल्या लेकीशी बोलावं तशी.

"तेरेजा, तुला काय झालं हुतं त्ये कळलं गं. मायटल टेनोशी. काळजात एक झडप असती, ती चिकटली हुती. तवा आमाला ठावं नव्हतं, बाई. मार्थाची सोडवलीया डाक्टरनं. ह्ये बघ, चढून आलीया. आन् तुज्या बाबाला सांग, तेलाचा काय दोष नव्हता."

मग ती उठली, गुडघे झटकले, आणि आम्ही तिथंच उभ्यानं रोझरी म्हटली. मेलेल्यांची प्रार्थना आईनं स्वतः म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

परत निघालो. वाटेत एक छोटा चढ लागतो. मी बोलत बोलत चढून गेले. मागून आईची हाक आली.

"अगं मार्था, थांब की! म्हातारीला दम लागलाय हितं, आन् तू निगालीस कुटं?"

मी लगेच थांबले नाही. आणखी दहा पावलं तशीच भराभर चालले, केवळ चालता येतं म्हणून. मग वळून आईला हात द्यायला खाली आले.