हंसांची पोस्ट, चारचा कॉल

फेब्रुवारी २०२०मध्ये मी आणि सुमन आयर्लंडला पोचलो तेव्हा परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं. मुलगी सायली गॉलवेच्या एका कारखान्यात वैद्यकीय उपकरणं तपासते, जावई सॉफ्टवेअरमध्ये आहे. नात झाली होती, तिला सांभाळायला आलो. मार्चमध्ये सगळं बंद झालं. अठ्ठावीस वर्षं मराठा पलटणीत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस तीन खोल्यांच्या घरात अडकला.

अडकणं मला नवीन नव्हतं. नोकरीत एकदा बर्फाने वाट बंद झाली आणि आम्ही सहा जण नऊ दिवस एका चौकीत अडकलो. वायरलेस माझ्याकडे होता. हवालदारांनी हुकूम दिला, सेट दिवसातून दोनदाच उघडायचा, आठला आणि सोळाशेला, म्हणजे दुपारी चारला. एरवी बंद, बॅटरी कोटाच्या आत. नवव्या दिवशी मदत मागायला बॅटरी शिल्लक होती ती त्या नियमामुळे. सहाच्या सहा जण जिवंत खाली आलो. तो नियम माझ्या हाडात बसला.

पण चौकीत निदान काम होतं. इथे जावई मीटिंगला बसला की चमचासुद्धा वाजवायचा नाही. नात झोपली की खोकायचं नाही. ऑक्टोबरपर्यंत मी इतका चिडचिडा झालो की सुमननेच मला बाहेर हाकललं. घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी होती, तेवढ्यात एक तळं होतं. उन्हाळ्यात तिथे गायी चरताना मी पाहिल्या होत्या. हिवाळ्याआधीचा पाऊस लागला की जमिनीखालून पाणी वर येतं आणि शेताचं तळं होतं. त्या पाण्यावर हंस उतरले होते. चोच पिवळी, टोक काळं, मान काठीसारखी ताठ. ओरडले की लांबून बिगुल वाजल्यासारखं वाटायचं.

दगडी कुंपणापाशी एक म्हातारा दुर्बीण घेऊन उभा असायचा. डोनल त्याचं नाव. आयरिश सैन्यातला निवृत्त सार्जंट, शांतिसेनेबरोबर लेबनॉनला दोनदा जाऊन आलेला. बायको वारलेली, जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तो दूर कासलबारला. दोन मीटर अंतर ठेवून आम्ही बोलायचो. मी फौजी आहे हे त्याने माझ्या उभं राहण्यावरूनच ओळखलं. हे हंस आइसलँडहून समुद्र ओलांडून येतात, थंडी इथे काढतात आणि वसंतात परत जातात, हे त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, यांना बरं पीसीआर टेस्ट लागत नाही. तो इतका हसला की त्याला ढास लागली.

डोनल तीस हिवाळे हंस मोजत होता. वहीत आल्याची तारीख, मोजणी, करड्या रंगाची पिल्लं वेगळी, आणि शेवटचा हंस गेल्याची तारीख. एकही वर्ष कोरं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी त्याची फुप्फुसं बघून घराबाहेर पाऊल टाकायला बंदी केली. त्याला आजाराचं काही वाटलं नाही. यंदाचा रकाना रिकामा राहील, याचा मात्र त्याने धसका घेतला.

मग आम्ही रीतसर चार्ज दिला-घेतला. त्याने दाराशीच, अंगणाच्या कुंपणावर वही, दुर्बीण आणि एक वॉकी-टॉकी ठेवली आणि चार पावलं मागे सरला. मी वस्तू तपासून वहीत सही केली. तळ्यावर मोबाइलला रेंज नव्हती, त्याच्या घरातही नव्हती. घर वर टेकाडावर, दहा मिनिटांच्या चढावर. जोडीतला दुसरा सेट त्याच्या गळ्यात. कॉलच्या वेळा त्याने विचारल्या. मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, आठ आणि सोळाशे.

"पोस्ट टू बेस. मॉर्निंग काउंट एक्केचाळीस. त्यात करडी सहा. ओव्हर."

"रॉजर, पोस्ट. ग्रँड. आउट."

'ग्रँड' म्हणजे इथलं 'ठीक'. एवढंच बोलणं, दिवसातून दोनदा. पण त्यासाठी मी दाढी करून निघायचो. कॉल झाला की सेट बंद. घरी आल्यावर तो किचनमधल्या प्रेसमध्ये ठेवायचो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आमच्या घरातही तेच म्हणतात. चार्जर तिथेच शेजारी होता, डोनलचं टेकाडही सेटच्या टप्प्यात होतं. रात्री चार्ज केला असता तर सेट दिवसभर चालू राहिला असता. हे मला कळत नव्हतं असं नाही. मनात आलंच नाही.

जानेवारीत एका दिवशी आठचा कॉल नेहमीसारखा झाला. दुपारी मी सुमनबरोबर लसूण सोलत बसलो होतो. पावणेचारला तळ्यावर पोचलो, मोजलं, सोळाशेला सेट उघडला. उत्तर नाही. दोन मिनिटांनी पुन्हा. नाही. दहा मिनिटं हाका मारल्या आणि चढ धावत चढलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी धावलो.

दुसऱ्याच्या घरात शिरायला तेव्हा मनाई होती. मी शिरलो. डोनल स्वयंपाकघराच्या फरशीवर कुशीवर पडला होता. खुबा मोडला होता, ओठ निळे पडले होते. लँडलाइनचा फोन बाहेरच्या खोलीत, सेट गळ्यात. मी माझा कोट त्याच्या अंगावर घातला, फोनवरून ॲम्ब्युलन्स मागवली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. दोन मीटरचं अंतर मोडून मी त्याचा हात धरला तो तेव्हा पहिल्यांदा.

त्याने विचारलं, "काउंट?"

"अडतीस. करडी सहा."

मग तो म्हणाला, "दोनला वीस कमी असताना तुला कॉल दिला. पुन्हा दोनला दिला. तू एअरवर नव्हतास."

मी कोट त्याच्या खांद्यांभोवती घट्ट केला.

"बरोबर होतं तुझं," तो म्हणाला. "चारची वेळ ठरली होती."

ॲम्ब्युलन्स चार पंचावन्नला आली. हॉस्पिटलमध्ये कोणालाच आत सोडत नव्हते. त्याला न्यूमोनिया झाला. आठव्या दिवशी तो गेला. गार फरशीवरचे ते अडीच तास नसते तर वाचला असता का, हे मी सायलीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, असा विचार करू नका. म्हणजे तिलाही उत्तर माहीत होतं. ज्या नियमाने सहा जण वाचले, त्याच नियमाने मी एक माणूस गमावला. आजही दुपारचे दोन वाजत आले की मी घड्याळाकडे बघतो.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. बाकी गाव रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहिलं. मी ब्लेझर घातला, मेडल्स लावली आणि गाडी समोरून गेली तेव्हा सॅल्यूट केला. पुतण्याला वही परत द्यायला गेलो. त्याने दोन पानं चाळली आणि वसंतापर्यंत तुमच्याचकडे ठेवा म्हणाला.

मोजणी एकदाही चुकवली नाही. मार्चअखेर थवे निघायला लागले. एकोणतीस, सतरा, मग फक्त एक कुटुंब, दोन मोठे आणि तीन करडी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. सात बावन्नला ती पाचही पाण्यावरून धावत उठली, डोनलच्या घरावरून एक फेरी घेतली आणि उत्तरेकडे दिसेनाशी झाली. मी त्याच्या अक्षरांखाली माझ्या अक्षरात तारीख आणि वेळ लिहिली. रकाना भरला. मग आठला सेट उघडला. ऐकायला तिकडे कोणी नाही, हे मला माहीत होतं.

"पोस्ट टू बेस. शेवटचे पाच निघाले. दिशा उत्तर. काउंट झीरो. सार्जंट, चार्ज पूर्ण. ओव्हर."

नुसती खरखर ऐकू आली. सेट बंद न करता खिशात घातला आणि घरी आलो. रात्री तो चार्जिंगला लावला, चालूच ठेवून.