नाचून झालं की बाळ घे

रविवारी सकाळी माझी पत्नी ओट्यापाशी चहा गाळता गाळता कोसळली. मी कामावर, मीना अब्दुल्ला या भागाकडे जाणाऱ्या बसमध्ये होतो. शेजारीण डबा द्यायला आली. तिनं मला फोन केला. मी सालमियाला घरी पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.

तिला विमानानं रत्नागिरीला नेलं, तिच्या माहेरी. इथे कुवेतमध्ये आपल्या माणसाला अग्नी देण्याची सोय नाही. दिवसवार आटोपले आणि मी कुवेतला परत आलो. सासूबाईंनी विचारलं होतं, "आता तिथे कोण आहे?" नोकरी आहे, असं मी म्हणालो. ते खरंच होतं, कंत्राटदाराच्या ऑफिसात हिशेब बघणारा माणूस फार दिवस रजेवर राहू शकत नाही. पण ती रोज ज्या जिन्यानं चढली-उतरली तो जिना सालमियात होता. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिची आठवण सांगणारं माझ्याखेरीज दुसरं कुणी असेल तर ते वरच्या मजल्यावर होतं.

वरच्या मजल्यावरची ती शेजारीण नायजेरियाच्या आग्नेय भागातली, इग्बो लोकांतली. रुमैथियातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. आम्ही तिच्याशी इंग्रजीत बोलायचो. तिच्या इंग्रजीला तिच्या गावचा हेल होता आणि आमच्या इंग्रजीला कोकणचा, पण दोन्ही बाजूंनी कधी काही अडलं नाही.

ओळख झाली ती छतामुळे. एका शुक्रवारी दुपारी आमच्या बैठकीतला दिवा हलायला लागला.

"अहो, वर काहीतरी पडतंय."

"पडत नाहीये. तालात आहे," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो.

"मग बघून येते."

"भांडायला?"

"भांडायला कुणी डबा घेऊन जातं का? सकाळची थालीपिठं आहेत, ती देते. मग बघू."

ती गेली ती संध्याकाळीच उगवली. अंबाडा सुटलेला, ओढणी कमरेला बांधलेली, गालावर पांढरी पावडर.

"दार उघडलं तशी एकीनं माझ्या हातात तान्हं बाळ दिलं," ती धापा टाकत सांगू लागली. "ओळख ना पाळख. धर म्हणाली आणि गेली नाचायला."

"मग?"

"मग धरलं. तिचं झाल्यावर तिनं बाळ घेतलं आणि मला ढकललं मध्ये. मला कुठे येतंय त्यांचं? पण उभी कशी राहणार?"

शेजारणीच्या गावाकडच्या बायका दर शुक्रवारी तिच्याकडे जमत. त्या करायच्या त्या नाचाचं नाव होतं अग्बाचा एकुरू न्वा. त्याचा अर्थ शेजारणीनं पुढे मला सांगितला : नाचून झालं की बाळ घे. तिच्या मुलखातल्या बायकांचा हा नाच. ढोल वाजू लागला की कडेवरचं किंवा पाठीवरचं मूल शेजारी असेल तिच्या हाती द्यायचं, रिंगणात शिरायचं, मनासारखं नाचायचं आणि परत येऊन आपलं मूल उचलून कामाला लागायचं. "आमच्याकडे एखादी बाई नाचली नाही, तर तिचे पाय दुखतात का, असं कुणी विचारत नाही," ती म्हणाली. "तुझं मूल धरायला कुणी नव्हतं का, असं विचारतात."

पत्नी दर शुक्रवारी वर जाऊ लागली. मीही एकदोनदा दारातून पाहिलं. बायका कमरेतून वाकून, पावलं जमिनीला चिकटवून, बारीक बारीक सरकत. सगळा नाच पाठीत आणि खांद्यांत. पत्नी म्हणायची, "आपल्या फुगडीत मान मागे टाकायची, यांच्यात खाली बघायचं. काहीतरी हरवलंय आणि सगळ्या मिळून शोधताहेत."

त्यांच्या वाद्यांत एक मडकं होतं, उडू. मातीचं, गोल, गळ्याला तोंड असतंच, पण अंगाला आणखी एक भोक. बायकांनी वाजवायचं वाद्य. त्या भोकावर तळवा आपटला की आतून खोल, ओला आवाज येतो, विहिरीत कुणी हाक मारल्यासारखा. तो आवाज ऐकून पत्नी खाली धावत आली आणि माळ्यावरून घागर काढायला लागली. ती तांब्याची घागर तिच्या माहेरची. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका घागर फुंकतात. उदाच्या धुरावर धरलेली घागर दोन्ही हातांत घेऊन तिच्या तोंडाशी फुंकत ताल धरायचा आणि नाचायचं. कुवेतला आल्यापासून ती घागर कागदात गुंडाळून पडली होती, कारण एकटीनं कुठे फुंकणार?

त्या शुक्रवारी एक बाई मडक्यावर थाप मारत होती आणि दुसरी घागरीत फुंकत होती. शेजारीण मला म्हणाली, "तुमच्या देशात मडक्याला मारत नाहीत, त्याच्या कानात बोलतात." तिलाही फुंकायचं होतं. कितीतरी शुक्रवार तिच्या फुंकेतून नुसता वारा निघाला.

"अगं, चहा निववायचा नाहीये," पत्नी तिला म्हणायची. "ओठ असे धर. असे."

अखेर हारिस आला. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, आमचा इजिप्तचा होता. त्यानं जिन्यात उभं राहून विचारलं, "या इमारतीत दर शुक्रवारी लग्न असतं का?" मग त्यानंच तळघराची किल्ली दिली. बायका खाली नाचू लागल्या. तळघरात तान्ह्या बाळांना गार लागतं म्हणून बाळांची रवानगी आमच्या घरी झाली. मी आरामखुर्चीत, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातावर कुणाचं तरी बाळ.

"प्रोफेसर," शेजारीण दारातून म्हणायची. मी हिशेबनीस आहे हे तिला माहीत होतं, पण पुस्तकांमुळे तिनं मला ते नाव दिलं होतं. "पान उलटताना बाळ उलटू नका."

"त्यांना वाचताना भूकंप कळणार नाही," पत्नी म्हणायची, "पण बाळ बरं धरतात हो."

अशाच एका शुक्रवारी चहा पिताना शेजारणीनं तिच्या आजीच्या मरणाची गोष्ट सांगितली. आजी खूप म्हातारी होऊन गेली. सगळा गाव नाचला. त्या घरच्या लेकी, दिल्या घरी गेलेल्या, आपापल्या गावांहून आल्या. या लेकींना तिथे मोठा मान असतो, त्यांच्यावाचून क्रिया पुरी होत नाही. आपल्याकडे माहेरवाशीण म्हणतो तशाच, असं मी पत्नीला मराठीत म्हणालो. आणि प्रत्येक जावई आपल्या गावाहून नाचणाऱ्यांचा ताफा घेऊन आला होता. जावयानं सासूसाठी नाच आणला नाही, तर तो उजळ माथ्यानं बायकोसमोर उभा राहू शकत नाही.

पत्नी ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या वेळी असंच करा हं. रडारड नको. तुम्ही तर मुळीच रडू नका, तुम्हाला नीट रडता येत नाही. यांना बोलवा आणि नाचू दे."

शेजारीण हसली. मीही हसलो.

पत्नीचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा माझ्या मनात तेवढी एकच गोष्ट होती. तिनं काही मागितल्याचं मला फार आठवत नाही. हे मागितलं होतं. मी माझ्या पद्धतीनं तयारी केली, म्हणजे वाचलं. इग्बो लोकांत मृत्यूनंतर काही काळानं नाचगाण्यासह मोठी क्रिया करतात, नाचावाचून गेलेला माणूस पूर्वजांपर्यंत नीट पोचत नाही अशी समजूत आहे, हे सगळं वाचून मी वर गेलो. तळघर सांगून ठेवतो म्हणालो. जेवण माझ्याकडून. तिच्यासाठी तुम्ही सगळ्या नाचा.

शेजारीण भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"नाही, प्रोफेसर."

मला वाटलं, वेळेची अडचण असेल. शुक्रवार नको असेल तर शनिवारी चालेल, असं मी म्हणालो.

"हे कुठे वाचलंत?"

मी सांगितलं.

"त्यात अर्धं राहिलंय. तो नाच वय होऊन गेलेल्या माणसाचा. ज्यानं सगळं केलं, ज्याच्या मागे कुणी म्हातारं उरलं नाही, त्याचा. आमच्या गावात असं मधूनच उठून गेलेल्या माणसासाठी नाचत नाहीत. दार लावून रडतात. नाचलो तर त्याचा अर्थ, हे बरं झालं, वेळेवर झालं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिची आई आहे ना?"

"आहे."

"आई जिवंत असताना लेकीसाठी कोण नाचेल? मी नाही नाचू शकत. तोंडानं मी खोटं बोलते, दवाखान्यात रोज बोलते. पायांनी नाही बोलता येत."

"पण तिनं मागितलं होतं. तुमच्यासमोर."

"तिनं म्हातारपणासाठी मागितलं होतं," शेजारीण म्हणाली. मग तिनं ओढणीनं, म्हणजे तिच्या डोक्याला बांधायच्या कापडानं, डोळे पुसले आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली.  मी निघताना तिनं एका डब्यात भात भरून दिला.

मला राग आला नव्हता. पण मी वर जाईनासा झालो. त्या वर्षभरात मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो होतो, की एक काम उरलंय. आता तेही उरलं नव्हतं.

श्राद्धासाठी रत्नागिरीला गेलो नाही. रजा मिळाली नाही. तिच्या भावानं तिथे केलं. दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलतात आणि समोरच्यानं तसंच बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते.

"जेवलात का?"

"जेवलो, आई."

"काय जेवलात?"

खोटं सांगायचं सुचलं नाही. मग मी का कोण जाणे, सगळंच सांगितलं. पत्नीनं काय मागितलं होतं, मी काय ठरवलं होतं, आणि शेजारणीनं काय कारण देऊन नाही म्हटलं. ओरडून सांगावं लागलं. आई जिवंत असताना नाचत नाहीत, हे वाक्य मला दोनदा ओरडावं लागलं.

पलीकडे फोन या कानाचा त्या कानाला गेल्याची खरखर आली. 

"शहाणी आहे ती बाई," सासूबाई म्हणाल्या. "इथे येऊन मला सगळे सांगतात, सोनं झालं, सवाष्ण गेली, हाल झाले नाहीत. जसं काही चांगलंच झालं. त्या परक्या बाईला कळलं की हे बरं नाही झालेलं. तिला माझा आशीर्वाद सांगा."

"सांगतो."

"आणि ते काय म्हणालात, म्हाताऱ्या माणसासाठी नाचतात ना? नाच कोण आणतं?"

"जावई."

"मग झालं तर. माझं वय झालंय. तुम्ही जावई आहात. आणा ताफा."

"आई, काहीतरीच काय."

"काहीतरीच काय त्यात? तिचं राहिलं ते माझ्या वेळी करा. आमच्या अंगणात जागा पुष्कळ आहे. शेजारच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी काही ऐकायला असणार नाही. आत्ताच कुठे ऐकू येतंय मला?"

मी त्या संध्याकाळी वर गेलो. शेजारणीला निरोप सांगितला. तिनं आधी आशीर्वाद घेतला, म्हणजे मान खाली घातली, जणू सासूबाई समोरच उभ्या होत्या. ताफ्याचं ऐकून ती इतकी हसली की तिचा नवरा आतून बघायला आला.

"त्यांना सांगा, आम्ही येऊ. विमानानं येऊ. मडकं मांडीवर घेऊन बसू. पण त्यांना म्हणावं, आम्हाला तालीम करायला वेळ हवा. पुष्कळ वेळ. घाई करू नका."

मी ते फोनवर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बघते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारीण दारात आली. गळ्याला आणि गालांना पांढरी पावडर. तिच्याकडे मूल जन्मल्याची बातमी अशी सांगतात. बायका एकमेकींना पावडर लावतात, गातात, नाचतात. त्यांच्यातल्या एकीला मुलगी झाली होती.

"यासाठी नाचतात," ती म्हणाली. "बाळंतीण नाचायला उठली की, शुक्रवारी. या नाचाला तिला हक्कानं बोलावलं असतं, म्हणून घागर मागायला आले."

पत्नी गेल्यावर गुंडाळून ठेवलेली घागर मी माळ्यावरून काढली. कागद काढला. चिंचेनं घासून दिली, कारण पत्नीनं ती तशी बाहेर जाऊ दिली नसती. शेजारणीनं माझ्याही गळ्याला पावडर लावली आणि मी ती पुसली नाही.

बाळंतीण उठली त्या शुक्रवारी नव्या बाळाला तळघरात नेलं नाही. ते आमच्या आरामखुर्चीत, माझ्या हातावर होतं. दार उघडं ठेवलं होतं. आधी लोखंडी घंटा वाजली, मग मडक्याची थाप आली. मग काही वेळ नुसता वारा. कुणीतरी हसलं. पुन्हा वारा. आणि मग घागर बोलली, जशी माझ्या पत्नीच्या हातात बोलायची तशी, जरा जाड आवाजात. बाळानं डोळे उघडले आणि परत मिटले. मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

नाच संपल्यावर बाळाची आई वर आली, घामानं भिजलेली. तिनं हात पुढे केले आणि मी बाळ तिला दिलं.

घागर आता वरच्या घरी असते. सासूबाई रत्नागिरीला आहेत. फोनवर तालीम कुठवर आली ते विचारतात. शुक्रवारी दुपारी मी बाळ धरतो.