शुक्रवारची खोली

विमान खाली येऊ लागलं तेव्हा आधी दिसल्या त्या क्रेन. अर्धवट इमारतींच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि एकही हलत नव्हती. २००९ चा मे महिना होता. बी.ए.चं दुसरं वर्ष संपवून मी मामाकडे दुबईला चाललो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून मामाने कौतुकाने तिकीट पाठवलं होतं.

मामाचा दुबईच्या अल कुसैस भागात पोळी-भाजीच्या डब्यांचा धंदा. मंदीत बांधकामं थांबली, माणसं आपापल्या देशी परतली, डबे निम्म्यावर आले. पण दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, शेजारच्या सलूनवाल्या ग्रेसची पन्नास पोळ्यांची ऑर्डर ठरलेली. ती युगांडाची. तिच्या गावीही पोळीला चपातीच म्हणतात, हे ऐकून मला नवल वाटलं.

पहिल्या शुक्रवारी पोळ्या पोचवायला मी गेलो. सलूनच्या मागे तिने एक खोली भाड्याने घेतली होती. आत तीसेक माणसं होती. सिक्युरिटी गार्ड, हॉटेलांत सफाई करणाऱ्या बायका, काही मुलं. नोकरी गेलेला एक सुदानी इंजिनिअर इतरांना अर्ज भरून देत होता. कोपऱ्यात मुलींच्या बारीक वेण्या घालणं चाललं होतं.

"पूरा नाम बोलो, फिर अंदर," ग्रेसने दारातच अडवलं. "काम पे सब 'ए आफ्रिका' बोलता है. इधर सबका पूरा नाम."

"संतोष किसन वाघमारे," मी चाचरत म्हणालो.

"घर में क्या बोलते?"

"काळ्या." मी हसत हसत अर्थही सांगितला. कोणीच हसलं नाही.

"काला बोलो, चलेगा. मैं भी बोलती, मैं ब्लॅक हूं," ती म्हणाली. "लेकिन तू हंसता क्यों है, भाई?"

वेणी घालून घेणाऱ्या एका मुलीने माझ्यापुढे मंदाझीची (तळलेल्या गोड पावांची) ताटली सरकवली. त्यानंतरचे तीन शुक्रवार मी पोळ्या देऊन लगेच परतलो नाही. तिथे माझ्या रंगावरून मला एकदाही संकोचल्यासारखं झालं नाही. असं आधी कुठे झालं होतं, हे आठवून पाहिलं. आठवेना.

मग एका दुपारी मामा म्हणाला, "हे हबशी लोक शुक्रवारी गाणी लावतात. फॅमिली गिऱ्हाईक बिचकतं, असं सगळे दुकानदार म्हणतायत. बिल्डिंगच्या मालकाला लेटर द्यायचंय. तू शिकलेला, इंग्लिशमध्ये लिही."

"पण मामा, ते लोक आपल्याच पोळ्या घेतात ना?"

"पन्नास पोळ्यांवर दुकान चालतं का रे? त्यांच्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेऊ? नुसतं आवाजाचं लिही. यल्ला, आटप."

गावी सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. कोणाचा, कशासाठी, हे मी कधी विचारत नसे. अर्ज चांगला झाला पाहिजे, एवढंच बघायचो. इथेही तसाच बसलो. नुसत्या आवाजाचा मजकूर फिका वाटला, म्हणून शेवटी एक वाक्य घातलं : 'इथल्या स्त्रियांना व कुटुंबांना या लोकांमुळे असुरक्षित वाटते.'

"क्या इंग्लिश है, पंडितजी!" शेजारचा किराणावाला पत्र वाचून म्हणाला. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही बरं वाटलं. ते आज लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी पोळ्या घेऊन गेलो तर खोलीला कुलूप. ग्रेस सलूनच्या दारात उभी होती. मालकाने ते पत्र तिच्या हातात देऊन खोली खाली करवली होती.

"आवाज का तो वो मान गया था," ती म्हणाली. "मैंने बोला, गाना बंद. लेकिन ये लाइन पे बोला, खलास (संपलं)." तिने बोट त्या वाक्यावर ठेवलं. "तू लिखा?"

मी मान डोलावली.

"चार फ्रायडे हमारे साथ खाया. तेरे को डर लगा?"

"नहीं."

"फिर?"

"मामा बोला," मी म्हणालो.

तिने पोळ्यांचं पुडकं घेतलं आणि ती आत गेली.

आठवड्याने मी परतलो. घरी सगळ्यांनी उंच इमारती, मॉल, सोन्याचा बाजार यांबद्दल विचारलं आणि मी सांगत राहिलो. ती माणसं आता शुक्रवारी कुठे जमतात, की जमतच नाहीत, मला माहीत नाही. मामाने फक्त आवाजाचं लिहायला सांगितलं होतं. ते वाक्य माझं होतं, आणि हे मी ग्रेसला सांगितलं नाही.