धबधब्याची भाकरी

महादेवीचं डोकं फिरलंय हे दुबलगुंडी गावात सगळ्यांत आधी तिच्या परातीला कळतं, इतकं दणादण ती पीठ मळते. श्रावण लागला की उदगीर-लातूरचे पाहुणे यायचे आणि तिचा नवरा जगदेवप्पा त्यांना चिंचोळीच्या डोंगरातला धबधबा दाखवायला न्यायचा. वाट सोडून कुठं वळायचं हे म्हणे त्याला एकट्यालाच ठाऊक. महादेवी पहाटे उठून कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून द्यायची. छत्तीस वर्षं! मेलं एकदा तरी तिला कुणी 'तू पण चल' म्हणावं? तिनंच विचारलं की तो म्हणायचा, उतार वाईट आहे, बायामाणसाचं काम न्हाई ते. पाहुणे तिकडूनच परस्पर गावाला जायचे. हा घरी येऊन ओट्यावर बसायचा आणि चारचौघांत धबधबा रंगवायचा. हत्तीच्या सोंडेएवढी धार, खाली हिरवागार डोह. महादेवी आत भांडी घासत ऐकायची आणि दातओठ खायची.

यंदा बिदरच्या डॉक्टरनं दिवाळीनंतर तिचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं. पुन्हा डोंगराचं नाव काढू नका म्हणाला. म्हणजे बघायचा तर आत्ताच. तिनं दोघांच्या भाकऱ्या बांधल्या, नवऱ्यापुढं पिशवी आदळली आणि सांगितलं, आज पाहुणी मी.

वाटेत जगदेवप्पा तीनदा चपलेतला खडा काढायला बसला. पायवाट सोडून ते कमरेएवढ्या गवतात शिरले. बऱ्याच वेळानं कड्याच्या अलीकडं एक सपाट दगड आला. खालून पाण्याचा आवाज येत होता. जगदेवप्पानं दगडावर मांडी घातली. आवाज झकास येतो इथून, बस की, म्हणाला.

"खाली जायची वाट कुठाय?"

त्यानं आधी डावीकडं हात केला, मग उजवीकडं. तेवढ्यात शेळ्या वळत ईरम्मा नावाची एक बाई आली. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"अण्णा हितंच बसतेत की, अक्का, दरसाली. पावणे खाली जाऊन येतेत, ह्ये हितं भाकरी खातेत. खाली बघितलं की पाय कापतेत त्यांचे."

महादेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भ्याला म्हणून नव्हे. भीती कुणाला वाटत नाही? पण स्वतःचं भित्रेपण झाकायला ह्या बाबानं तिला बायामाणूस म्हणून घरात बसवलं होतं. आणि ऐकीव धबधबा तिलाच वर्षानुवर्षं ऐकवला होता!

तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि ईरम्माचा हात धरला. कुठं मुळ्या धरत, कुठं बसून घसरत ती उतरली. गुडघ्यांनी बोंब ठोकली, तिनं त्यांनाही झापलं.

खाली सोंडबिंड काही नव्हती. तांबड्या दगडावरून अंगठ्याएवढ्या कितीतरी धारा सुटल्या होत्या आणि डोह चहासारखा लाल होता. ती पाण्यात शिरली, रोज पूजते ते गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि एका धारेखाली धरलं. तिला रडू आलं, तेही रागानंच.

वरच्या दगडावरून जगदेवप्पाचा आवाज आला. "महादेवी, कसा हाय गं?" विचारण्यात खोट नव्हती. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

तिनं लिंग पुसून गळ्यात घातलं आणि मग वर पाहिलं.

"ह्ये बायामाणसाचं काम हाय," ती म्हणाली. "तुम्ही भाकरी खावा."