माझा पाय आणि विलासचा कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि विलासला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. हसू येईल, हसा खुशाल — बरंचसं हसण्यासारखंच आहे.

नव्वदीच्या दशकात बारामतीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. तात्या गायचे, मालकही तेच. मी गिटारवर, विलास बेस गिटारवर. माळेगावहून सायकलवर बेस पाठीला बांधून तालमीला यायचा आणि सगळ्यांच्या आधी वायरी जोडून बसायचा. फार जीव होता त्याचा त्या बेसवर.

आता एक गंमत ऐका. सी, ई, जी, ए — हे चार सूर एकत्र छेडले, तर त्या कॉर्डचं नाव काय? सी सिक्स म्हणा, नाहीतर ए मायनर सेव्हन. बोटं तीच! नाव ठरतं ते गाणं कुठून आलं, कुठं निघालं आणि खाली बेस काय धरतो यावर. खाली सी असला तर कॉर्ड हसरी, ए असला तर उदास. नुसती माझी बोटं बघून विलासला ते कळणार कसं? म्हणून आमची खूण ठरलेली — माझा उजवा पाय पुढं आला तर सी, मागं गेला तर ए.

इंदापूरला गणपतीतला कार्यक्रम होता. तात्यांचं विरहाचं गाणं, शेवटची ओळ. आधी ई सेव्हन वाजून गेलेली, म्हणजे पुढं ए मायनर सेव्हनच — शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. आणि मी? पुढच्या रांगेतली पिवळ्या ड्रेसमधली मुलगी माझ्याकडे बघतेय असं मला वाटलं. (ती ड्रमवाल्याकडे बघत होती.) ऐटीत पाय पुढं टाकला. विलासचं बोट तोवर ए वर गेलेलं होतं, मी पाहिलं. त्याने माझ्या पायाकडे बघितलं आणि बोट उचलून सी वर ठेवलं. विरहात एकदम वरातच घुसली. तात्यांचा सूर सुटला, मंडपात शिट्ट्या.

खाली उतरल्यावर तात्या कडाडले, "कुणी घाण केली रं?"

"माझा पाय मागंच होता," मी म्हणालो. इतक्या सहज — माझं मलाच नवल वाटलं.

विलास गोंधळला. "मग मलाच नीट दिसलं न्हाय, तात्या. डोळं तपासून घेतो."

आणि गेला की हो खरंच! डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मला हायसं वाटलं — चला, मिटलं. पण विलासचं डोकं भलतीकडेच चाललं. "डोळं ठणठणीत हायेत, म्हंजी खोट कानात हाय," तो मला म्हणाला. "कान धड असता, तर सी धरलाच नसता मी." तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो. त्याने बेस तात्यांच्या पुतण्याला देऊन टाकला आणि पुन्हा कधी हातात घेतला नाही.

अजूनही भिगवणला मासे खायला बसलो की तो हा किस्सा स्वतःवरच रंगवून सांगतो. टेबलावर सगळ्यात मोठ्यानं मी हसतो.

त्याचा कान बरोबर होता. माझा पाय बघायच्या आधी तो ए वरच गेला होता.